सर्पगंधा: गुणाने नाव, दोषाने ज्ञान

१९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मुंबईहून गेलेला एक लेख छापून आला. लेखक होते परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील. वाढलेल्या रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधेची मुळी दिल्यावर काय झालं, एवढाच त्या लेखाचा विषय. त्यात मोठा सिद्धांत नव्हता. रुग्णशय्येपाशी बसून मोजलेले आकडे होते आणि त्या आकड्यांवरून काढलेले सावध निष्कर्ष होते. पण पुढच्या दहा वर्षांत या कामाचे पडसाद बॉस्टनपासून स्वीडनमधल्या लुंडपर्यंत उमटले. माणसाच्या मेंदूत निरोप कोणती रसायनं पोचवतात आणि ती कमी पडली तर शरीर का अडतं, हे कळायला सर्पगंधेची मुळी कारण झाली.

या इतिहासाकडे आपण बहुधा अभिमानाने पाहतो: आपली वनस्पती, आपलं औषध, जगाने मान्य केलं. तो अभिमान रास्तच आहे. पण मला यातली वेगळी गोष्ट जास्त मोलाची वाटते. मुळीच्या गुणाने तिला नाव मिळालं, मेंदूविषयीचं ज्ञान मात्र तिच्या दोषांतून हाती आलं. ज्यांनी ते दोष झाकले नाहीत, नीट लिहून ठेवले, त्यांच्यामुळे एक अख्खं शास्त्र उभं राहिलं.

मुळीची जुनी ओळख

सर्पगंधा हे गुडघाभर उंचीचं झुडूप. सह्याद्रीच्या ओलसर, सावलीच्या जंगलात ते उगवतं. पांढरट-गुलाबी फुलांचे झुपके, देठ लालसर, फळं पिकली की काळी-जांभळी. औषध असतं मुळीत, त्यातही मुळीच्या सालीत. सुकलेली मुळी वेडीवाकडी, मातकट रंगाची, चवीला कडूजहर. सापाच्या विषावर, तापावर, पोटाच्या दुखण्यावर आणि मुख्य म्हणजे वेडाच्या झटक्यावर ती पिढ्यान्‌पिढ्या दिली जाई. उत्तरेकडे तर तिचं नावच ‘पागल की दवा’.

गोव्यात राहिलेले पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. सर्पदंशावर उपयोगी पडणाऱ्या मुळ्यांचं वर्णन त्यात आहे. पुढे १७०३ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ प्लुमिए यांनी या वनस्पतीच्या प्रजातीला (जीनसला) लिओनहार्ड राउवोल्फ या जर्मन वैद्याचं नाव दिलं. म्हणून शास्त्रीय नाव पडलं राउवोल्फिया सर्पेंटिना.

आधुनिक अभ्यासाची सुरुवात १९३१ साली एकाच वेळी दोन शहरांत झाली. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी आणि त्यांच्या सहकाऱ्याने मुळीतून स्फटिकरूप अल्कलॉइडं वेगळी केली. त्यांतल्या एकाचं नाव त्यांनी हकीम अजमल खान यांच्या सन्मानार्थ ‘अजमलिन’ ठेवलं. त्याच वर्षी कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर चालते, असं लिहून प्रसिद्ध केलं. दोन वर्षांनी कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांवर तिचा परिणाम तपासला. पुढे बाजारात मुळीच्या गोळ्याही आल्या. हिमालया ड्रग कंपनीची ‘सर्पिना’ १९३४ पासूनची.

म्हणजे वकील यांच्या आधी माहिती होती, औषध होतं, वापरही होता. तरी बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता नव्हता.

केईएममधल्या नोंदी

रुस्तम वकील यांचा जन्म १९११ सालचा, मुंबईच्या पारशी समाजातला. विलायतेत वैद्यकाचं शिक्षण घेऊन ते मुंबईत परतले आणि हृदयरोगाच्या अभ्यासात बुडून गेले. त्या काळात वाढलेल्या रक्तदाबावर डॉक्टरांच्या हाती जवळजवळ काहीच नव्हतं. मीठ तोडा, विश्रांती घ्या, मन शांत ठेवा, एवढं सांगून बहुतेक डॉक्टर हात टेकत. दाब फार वाढला की पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणं किंवा हृदय थकणं ठरलेलंच. काही ठिकाणी पाठीतल्या मज्जातंतूंच्या गाठी कापून टाकण्याची अवघड शस्त्रक्रिया करत.

अशा वेळी वकील यांनी दहा वर्षं ही मुळी वापरून पाहिली आणि मग लिहायला घेतलं. त्यांचं मोठेपण मला या क्रमात दिसतं. परंपरेत आहे म्हणून त्यांनी ती डोळे झाकून स्वीकारली नाही आणि विलायतेच्या पुस्तकात नाही म्हणून टाकलीही नाही. त्यांनी दाब मोजला, मुळी दिली, पुन्हा मोजला. औषधाचा परिणाम सावकाश येतो, दिल्यादिल्या दाब उतरत नाही आणि औषध थांबवलं तरी परिणाम बराच काळ टिकतो, ही गोष्ट मुळी वापरणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात आली होती. नाक चोंदणं, सुस्ती येणं, जुलाब होणं हे त्रासही ओळखीचे झाले होते. असं का होतं, हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं.

लेख इंग्लंडच्या नामांकित नियतकालिकात आल्याने तो अमेरिकेत वाचला गेला. बॉस्टनचे रॉबर्ट विल्किन्स रक्तदाबावरची नवी औषधं शोधत होते. त्यांनी भारतातून मुळी मागवली आणि १९५० च्या सुमारास रुग्णांना द्यायला सुरुवात केली. दाब थोडा उतरला, पण त्यांचं लक्ष दुसऱ्याच गोष्टीने वेधलं. रुग्ण शांत झाले होते. झोपेच्या गोळीने येते तशी गुंगी नव्हती. माणसं जागी होती, बोलत होती, फक्त त्यांच्या मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं.

इकडे स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात सिबा कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ मुळीतलं नेमकं कार्यकारी द्रव्य शोधत होते. दिल्लीला सापडलेल्या अल्कलॉइडांनी दाब उतरण्याचं आणि शांत होण्याचं कोडं पुरतं सुटत नव्हतं. १९५२ मध्ये म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी ते द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळं केलं आणि त्याला ‘रेसर्पिन’ नाव दिलं. मूठभर मुळीचं काम आता पाव मिलिग्रॅमच्या गोळीत मावू लागलं. सिबाने ती ‘सर्पासिल’ नावाने बाजारात आणली. १९५६ मध्ये हार्वर्डच्या रॉबर्ट वुडवर्ड यांनी हा गुंतागुंतीचा रेणू प्रयोगशाळेत घडवून दाखवला. रसायनशास्त्राच्या इतिहासात ती एक मोठी कामगिरी मानली जाते.

फुटायच्या थांबलेल्या काचा

१९५५ साली अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून जास्त माणसं होती. विजेचे झटके, इन्सुलिनची बेशुद्धी, मेंदूवरची शस्त्रक्रिया आणि कुलूपबंद वॉर्ड, असे तिथले उपचार. त्या दशकाच्या आरंभापर्यंत औषध म्हणावं असं काही नव्हतं. १९५२ मध्ये पॅरिसला क्लोरप्रोमॅझिन हे पहिलं औषध मिळालं आणि त्याच्या पाठोपाठ सर्पगंधा आली.

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड रुग्णालयाचे नेथन क्लाइन यांना अहमदाबादच्या डॉ. आर. ए. हकीम यांच्या कामाची बातमी वाचायला मिळाली. हकीम यांनी मनोविकारांवर मुळीचा उपयोग नोंदवला होता. क्लाइन यांनी आपल्या रुग्णांवर मुळी आणि रेसर्पिन वापरून १९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रॉकलंडची एक गोष्ट पुढे बराच काळ सांगितली गेली. रुग्णालयात खिडक्यांच्या काचा बसवणारा कारागीर होता. चिडलेल्या, घाबरलेल्या रुग्णांकडून काचा रोज फुटत आणि त्याला रोज काम असे. रेसर्पिन सुरू झालेल्या वॉर्डातलं त्याचं काम घटलं. डॉक्टरांच्या तक्त्याइतकीच ती नोंद बोलकी होती.

१९५७ चा लास्कर पुरस्कार या सगळ्या कामाला मिळाला. क्लोरप्रोमॅझिन आणि रेसर्पिनवर काम करणाऱ्या क्लाइन, नॉस, लाबोरी, डेनिकर, लेहमान यांच्या जोडीने मुंबईच्या डॉ. वकील यांचं नाव त्या यादीत आलं. दुसऱ्या वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. इथवर ही यशाची कथा आहे.

औषधाचा दोष

यश मिळत असतानाच तक्रारी येऊ लागल्या. १९५४ मध्ये वॉशिंग्टनचे एडवर्ड फ्राइस यांनी कळवलं, की रेसर्पिनचे मोठे डोस दीर्घकाळ घेणाऱ्या रक्तदाबाच्या काही रुग्णांना खोल उदासी येते. आधी मन शांत व्हायचं, मग कशातच रस उरत नसे. मनोरुग्णालयांतून दुसरी तक्रार आली. काही रुग्णांचे हात थरथरू लागले, चेहरा निर्विकार झाला, चाल अडखळली, अंग ताठरलं. ही हुबेहूब पार्किन्सन रोगाची लक्षणं होती. गोळी बंद केली की ती ओसरत.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्या माणसाला पुढची गोष्ट लगेच कळेल. कास्टिंग रिजेक्ट झालं की चांगला सुपरवायझर ते नुसतं भंगारात टाकत नाही. तो ते कापून बघतो. आत ब्लो-होल कुठे आहे, कोणत्या आकाराचं आहे, यावरून त्याला कळतं की वाळूत ओल जास्त होती, कोअरमधला वायू बाहेर पडला नाही, की धातू थंड पडला होता. साच्याच्या आत काय घडलं, ते चांगलं कास्टिंग सांगत नाही, बिघडलेलं सांगतं. रेसर्पिनच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी नेमकं हेच केलं. एका साध्या रसायनाने आधी तसा त्रास नसलेल्या माणसात उदासी आणि कंप ही दोन मोठी दुखणी निर्माण होत असतील, तर त्या दुखण्यांचं मूळही रसायनात असलं पाहिजे. ते रसायन कोणतं?

अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत एक नवं यंत्र आलं होतं. रेणूंच्या चमकण्यावरून अगदी सूक्ष्म प्रमाणातली रसायनं त्याने मोजता येत. प्लेचर, शोर आणि ब्रोडी यांनी १९५५ मध्ये दाखवलं, की रेसर्पिन दिल्यावर प्राण्यांच्या शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. औषध दिलं आणि मेंदूतलं एक विशिष्ट रसायन इतकं घटलं, असं आकड्यांत दाखवता येण्याची ती सुरुवात होती.

लुंडचे ससे

अर्विद कार्लसन हे तरुण स्वीडिश औषधशास्त्रज्ञ त्या सुमारास ब्रोडींकडे काही महिने शिकायला आले होते. परत लुंडला गेल्यावर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पाहिलं, की सेरोटोनिनबरोबर नॉरॲड्रिनलिनही आटतं. मग रेसर्पिन दिलेलं जनावर जागच्या जागी गोठतं ते नक्की कशामुळे? हे ठरवण्याचा साधा मार्ग होता, जे कमी झालं ते परत देऊन बघायचं. पण ही रसायनं रक्तातून मेंदूत शिरत नाहीत. त्यांचा कच्चा माल मात्र शिरतो, आणि मेंदू त्यापासून हवं ते रसायन स्वतः घडवतो.

१९५७ साली त्यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे अंग टाकून बसले. कान लोंबले, पाय हलेनात, धक्का दिला तरी पुढे जाईनात. सेरोटोनिनचा कच्चा माल टोचला तर काही फरक पडला नाही. मग डोपा टोचलं. काही मिनिटांत कान ताठ झाले, ससे उठून हिंडू लागले.

डोपापासून नॉरॲड्रिनलिन तयार होतं, म्हणून श्रेय त्याला जाणार असं वाटलं होतं. पण मोजल्यावर मेंदूत नॉरॲड्रिनलिन परतलेलं दिसेना. मधल्या पायरीवरचं एक रसायन मात्र भरून आलं होतं, ते म्हणजे डोपामिन. तोवर सगळे त्याला निव्वळ मधली पायरी मानत. १९५८ मध्ये कार्लसन यांनी मांडलं, की डोपामिन मेंदूत स्वतंत्रपणे असतं आणि रेसर्पिन तेही रिकामं करतं. पुढच्या वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की त्याचा मोठा साठा हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या स्ट्रायटम या भागात आहे.

१९६० मध्ये लंडनला सिबा फाउंडेशनच्या परिषदेत कार्लसन यांनी हे सांगितलं तेव्हा सर हेन्री डेल यांच्यासारख्या दिग्गजांनी शंका काढल्या. मेंदूचं काम विजेच्या संकेतांवर चालतं, ही समजूत घट्ट होती. पण त्याच वर्षी व्हिएन्नामध्ये एरिंगर आणि होर्निकिएविच यांनी पार्किन्सनने मृत्यू झालेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. स्ट्रायटममधलं डोपामिन जवळजवळ नाहीसं झालेलं होतं. १९६१ मध्ये बिर्कमायर यांनी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना एल-डोपा टोचलं आणि जे उठू शकत नव्हते ते चालू लागले. १९६७ मध्ये न्यूयॉर्कचे जॉर्ज कोट्झियास यांनी हळूहळू वाढवत नेलेल्या तोंडी डोसाची पद्धत बसवली. पार्किन्सनवर आजही तेच मुख्य औषध आहे. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

गोळी आत काय करते

आता हे सगळं थोडक्यात सांगता येतं. मज्जातंतूच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्या असतात आणि निरोप देणारी रसायनं त्यांत भरून ठेवलेली असतात. ती पिशवीत ओढून घेणारं एक प्रथिन पिशवीच्या भिंतीत बसलेलं असतं. रेसर्पिन त्या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि सहजी सुटत नाही. भरणा थांबतो. बाहेर राहिलेलं रसायन पेशीतलं मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर मोडून टाकतं. संकेत येतो, पण सोडायला साठाच उरलेला नसतो.

वकील यांच्या पिढीला न उलगडलेल्या गोष्टी इथे उलगडतात. साठा हळूहळू रिकामा होतो, म्हणून परिणाम सावकाश येतो. भरणा पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो, म्हणून गोळी थांबवली तरी परिणाम टिकतो. रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या तंतूंमधलं नॉरॲड्रिनलिन आटलं की त्या सैलावतात आणि दाब उतरतो. नाकातल्या रक्तवाहिन्याही सैलावतात, म्हणून नाक चोंदतं. स्ट्रायटममधलं डोपामिन आटलं की अंग ताठरतं. गुण आणि दोष एकाच क्रियेची फळं आहेत, फरक आहे तो जागेचा.

उदासीचं प्रकरण मात्र इतकं सरळ निघालं नाही. रेसर्पिनने उदासी येते, यावरून नैराश्य म्हणजे या रसायनांची कमतरता, असा सिद्धांत १९६५ च्या सुमारास जोर धरू लागला. पण लंडनच्या डेव्हिस आणि शेपर्ड यांनी १९५५ मध्येच तुलनात्मक चाचणीत चिंताग्रस्त आणि उदास रुग्णांना रेसर्पिनने बरं वाटल्याचं नोंदवलं होतं. तिकडे फारसं कुणी पाहिलं नाही. आज नैराश्याची कारणं त्याहून कितीतरी गुंतागुंतीची मानली जातात. दोषाची नोंद जशी जपायची, तशीच तिच्या उलट जाणारी नोंदही जपायला हवी, हा यातला धडा.

पुन्हा मुंबई, आणि सोलापूर

या कथेचा दुसरा धागाही आपल्या मातीतून निघतो. खाजकुहिली ठाऊक नसेल असा खेड्यातला माणूस विरळा. शेंगेवरची तपकिरी लव अंगाला लागली की जीव नकोसा होतो. आयुर्वेदात तिला कपिकच्छू म्हणतात. तिच्या बियांत एल-डोपा असतं, हे मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केलं होतं, म्हणजे कार्लसन यांच्या सशांच्या वीस वर्षं आधी. तेव्हा त्या पदार्थाचं करायचं काय, हे कुणाला माहीत नव्हतं. एल-डोपाची महती कळल्यावर मुंबईत डॉ. अशोक वैद्य, मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सनच्या रुग्णांना खाजकुहिलीच्या बियांचं चूर्ण देऊन पाहिलं आणि १९७८ मध्ये ‘न्यूरॉलॉजी इंडिया’त निष्कर्ष मांडले. १९९५ मध्ये ६० रुग्णांवरचा बहुकेंद्री अभ्यास प्रसिद्ध झाला आणि २००४ मध्ये लंडनमध्ये आठ रुग्णांवर काटेकोर तुलना झाली. चूर्णाचा परिणाम लवकर सुरू होतो, असं त्यात दिसलं.

रेसर्पिन काढणाऱ्या सिबा कंपनीनेच गोरेगावला संशोधन केंद्र उभारलं. १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तिथल्या शास्त्रज्ञांनी घडवलेलं नायट्रॉक्सॅझेपिन हे नैराश्यावरचं औषध ‘सिंटामिल’ नावाने भारतीय रुग्णांपर्यंत पोचलं. तिथे तयार झालेल्या संयुगांच्या क्रमांकाला गोरेगावची आद्याक्षरं लावत. तोवर रेसर्पिन स्वतः मोजपट्टी बनलं होतं. उंदराला रेसर्पिन द्यायचं, पापण्या मिटतात, अंग थंड पडतं. नव्या औषधाने ही लक्षणं उलटली तर ते नैराश्यावर चालण्याची शक्यता, अशी चाचणी जगभर रूढ झाली. ज्या दोषाने डॉक्टर धास्तावले होते, त्याच दोषाच्या आधारे नवी औषधं पारखली जाऊ लागली.

मोठ्या शहराबाहेरही हे शास्त्र रुजलं. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात बलसारा, जाधव, चांदोरकर हे औषधशास्त्रज्ञ सत्तरच्या दशकात डोपामिन आणि सेरोटोनिनचं नातं तपासत होते. त्यांची मांडणी साधी होती. डोपामिनचा निरोप अडवणारं हॅलोपेरिडॉल हे औषध दिलेल्या उंदराचे पुढचे पंजे एकेक करून तीन सेंटीमीटरच्या ठोकळ्यावर ठेवायचे. निरोगी जनावर लगेच पाय खाली घेतं, जडावलेलं तसंच थांबतं. मग नऊ सेंटीमीटरचा ठोकळा. घड्याळ लावून बघायचं आणि गुण द्यायचे. सेरोटोनिनचं काम वाढवणाऱ्या औषधांनी हा जडपणा वाढतो, असं दाखवणारा त्यांचा शोधनिबंध १९७९ मध्ये ‘सायकोफार्माकॉलॉजी’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. दोन लाकडी ठोकळे, एक घड्याळ आणि सचोटीने भरलेली वही यांच्या बळावर सोलापुरातून जगाशी बोलता आलं.

मुळीचं पुढे काय झालं

१९५४ मध्ये रेसर्पिनच्या उदासीवर बोट ठेवणारे एडवर्ड फ्राइस यांनीच पुढे त्याचा सर्वात मोठा उपयोग सिद्ध केला. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत त्यांनी १४३ पुरुषांवर चाचणी घेतली. रेसर्पिन, हायड्रॅलाझिन आणि लघवीवाटे मीठ काढणारं औषध अशा तिघांचं मिश्रण निम्म्यांना दिलं, उरलेल्यांना नुसत्या दिखाऊ गोळ्या. १९६७ मध्ये निकाल आला. औषध घेणाऱ्यांमध्ये पक्षाघात आणि इतर गंभीर प्रसंग फारच कमी घडले होते. रक्तदाब उतरवला तर जीव वाचतो, हे नियंत्रित चाचणीने दाखवून देणारं हे काम. आपल्याकडे वर्षानुवर्षं विकली गेलेली ‘ॲडेल्फेन-एसिड्रेक्स’ ही गोळी याच घराण्यातली. आज साठी-सत्तरीत असलेल्या अनेकांच्या आई-वडिलांचा रक्तदाब तिने सांभाळला.

१९७४ मध्ये रेसर्पिनमुळे स्तनाचा कर्करोग होतो, अशी भीती पसरली. पुढच्या अभ्यासांत ती टिकली नाही. पण तोवर नवी, सोयीची औषधं आली होती आणि रेसर्पिन मागे पडलं. त्याची क्रिया मात्र जिवंत राहिली. पिशवीत भरणा करणाऱ्या प्रथिनाचं जनुक १९९२ मध्ये हाती लागलं. त्याच प्रथिनाला थोडा वेळ थोपवणारी टेट्राबेनाझिन आणि वॅल्बेनाझिन ही औषधं आज हंटिंग्टन रोगातल्या आणि इतर काही विकारांतल्या अनावर हालचाली आवरायला वापरतात. झुडपाचं नशीब तेवढं चांगलं नव्हतं. मुळीसाठी अख्खं रोप उपटावं लागतं आणि परदेशी मागणीपायी जंगलं ओरबाडली गेली. कच्च्या मुळीच्या निर्यातीवर सरकारला बंधनं घालावी लागली. १९९० पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्पगंधेचं नाव आहे.

डॉ. वकील १९७४ मध्ये गेले. त्यांच्या कामाची आठवण ठेवायची तर मुळी आणून उगाळून घेऊ नये. तिचा डोस सांभाळणं किती अवघड आहे, हेच या इतिहासाने शिकवलं. आठवण ठेवायची ती नोंदीची. ‘गोळी सुरू केल्यापासून हात थरथरतो’, ‘मन लागत नाही’, ‘पाय जड वाटतात’ असं घरातलं कुणी म्हणालं, तर आपण बहुधा वयावर ढकलतो. रात्रपाळी करून घरी परतलेला कामगार ते थकव्यावर ढकलतो. डॉक्टरही घाईत असतात. पण अशा वाक्यांतूनच डोपामिनचं काम उलगडलं. कोणती गोळी, किती, कधीपासून, त्रास कधी सुरू झाला, एवढं कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवावं. गोळी मनाने बंद करू नये. भारतात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून तो चालवला जातो, देशभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची केंद्रं आहेत, आणि १८००-१८०-३०२४ या विनाशुल्क क्रमांकावर रुग्णालाही स्वतः तक्रार नोंदवता येते. हा क्रमांक घरातल्या औषधांच्या डब्यावर लिहून ठेवावा, एवढी माझी वाचकांना कळकळीची विनंती आहे.